जांब ते असई : इतिहासाच्या राजकीय धड्याविषयी परंपरानिष्ठ विचार

इतिहासापासून राज्यकर्त्यांनी आणि प्रजेने काही शिकावे काय, आणि शिकायचे झाल्यास ते कोणत्या रूपात शिकता येते, हा प्रश्न वरवर पाहता इतिहासशास्त्राचा वाटला तरी त्याच्या मुळाशी धर्म आणि तत्त्वज्ञान यांचा प्रश्न आहे. कारण भूतकाळापासून बोध घेऊ पाहणाऱ्याला आधी असे मानावे लागते की घडून गेलेल्या गोष्टींत काही अर्थ असतो, तो माणसाच्या बुद्धीला उमगतो आणि उमगलेला अर्थ आजच्या कर्तव्याला लागू पडतो. ही तिन्ही गृहीते सर्वांत आस्थेने जपली ती परंपरानिष्ठ विचारवंतांनी. परंपरानिष्ठ विचार म्हणजे येथे सोवळेओवळे किंवा कर्मठपणा नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून उभ्या राहिलेल्या संस्था, रीती आणि नाती यांत कोणत्याही एका पिढीच्या तर्कापेक्षा अधिक शहाणपण साठलेले असते, म्हणून त्यांना हात लावण्याआधी त्या समजून घ्याव्यात आणि बदल करायचा तो धीराने, थोडाथोडा करावा, असे मानणारी जी राजकीय दृष्टी तिला हे नाव दिले आहे. अशी दृष्टी असलेला मनुष्य इतिहासाकडे वळणे स्वाभाविकच आहे, कारण साठलेल्या अनुभवाचा दुसरा कोणता साठा त्याच्यापाशी नसतो.

तरीही या विचाराच्या घरातच मतभेद आहे. एडमंड बर्क यांनी १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिताना इतिहास हा माणसाला शिकवण्यासाठी उघडलेला ग्रंथ मानला, पण त्याच ठिकाणी त्यांनी एक धोकाही दाखवला : हाच ग्रंथ पक्षोपपक्षांना एकमेकांवर चालवायची हत्यारे पुरवणारे कोठार बनू शकतो. विसाव्या शतकातील मायकेल ओकशॉट तर याहून पुढे गेले. इतिहासकार ज्या भूतकाळाचा शोध घेतो तो वेगळा आणि माणसे आपल्या व्यवहारासाठी वापरतात तो भूतकाळ वेगळा, पहिल्यातून कोणताही उपदेश निघत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे परंपरेचा कैवार घेणारा एक तत्त्ववेत्ता इतिहासाला गुरू मानतो आणि दुसरा त्याचे गुरुपद नाकारतो. ही अडचण केवळ पुस्तकी नाही. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील तालुके आणि परभणी जिल्ह्यातील परतूर मिळून जो जालना जिल्हा झाला, त्याच्या भूमीत ती मराठी माणसाला परिचयाच्या नावांनी आणि तारखांनी भेटते.

घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी शके १५३०, म्हणजे इसवी सन १६०८ मध्ये, सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी रामनवमीला नारायण जन्मले, तेच पुढे समर्थ रामदास झाले. त्यांनी बाराव्या वर्षी लग्नमंडप सोडला, नाशिकजवळ टाकळीला तप केले, देशभर भ्रमण केले आणि अखेर कृष्णाखोऱ्यात येऊन १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभारले, हा चरित्रक्रम सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते शिवछत्रपतींच्या निधनानंतर समर्थांनी संभाजीराजांना लिहिलेले म्हणून परंपरेने जपलेले ओवीबद्ध पत्र. या पत्राच्या अस्सलतेविषयी अभ्यासकांत दुमत आहे आणि समर्थ व शिवराय यांची भेट केव्हा झाली याविषयीही दोन पक्ष आहेत. परंतु तीनशे वर्षे मराठी माणसाने राजकीय उपदेशाचा नमुना म्हणून जे पाठ केले, त्याचा विचाराच्या इतिहासातील अधिकार या वादाने कमी होत नाही.

पत्राचा प्रसंग ध्यानात घेतल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचा रायगडावर अंत झाला, काही प्रधानांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवले, पन्हाळ्यावर असलेल्या संभाजीराजांनी सैन्य आपल्याकडे वळवून जूनमध्ये रायगड गाठला आणि विरोधक कैदेत पडले. मिळवणारा गेलेला, मिळवलेले दोन गटांत ओढले जात असलेले आणि दक्षिणेत उतरण्याच्या तयारीत औरंगजेब, अशा घडीला समर्थ नव्या राजाला काय सांगतात? मागचे अपराध पोटात घालावेत, कारभाऱ्यांना हाताशी धरून कामाला लावावे. उग्रपणा थोडा सोडावा, सौम्यता धरावी. राग आला तरी तो लोकांत दिसू देऊ नये. पाटात गाळ तुंबला की पाणी पुढे जात नाही, तसे लोकांचे मन तुंबू देऊ नये. वडिलांनी जे मिळवले त्यासाठीच घरचे लोक भांडत बसले तर शत्रूचे फावते. आणि शेवटी, आहे ते जतन करून त्यात भर घालावी. मग हे सारे साधावे कसे, याचे उत्तर म्हणून शिवरायांचे स्मरण ठेवायला सांगितले आहे, आणि ते स्मरण कशाचे, तर त्यांच्या रूपाचे, प्रतापाचे, बोलण्याचे, चालण्याचे आणि माणसे जोडण्याच्या रीतीचे.

या शेवटच्या भागात परंपरानिष्ठ राजनीतीचा गाभा आहे. महाराजांनी अमुक गडावर अमुक शिबंदी ठेवली म्हणून तीच ठेवावी, त्यांनी अमुक तह केला म्हणून तोच करावा, असे येथे एका शब्दानेही म्हटलेले नाही. आठवायचे आहे ते वागणे. ओकशॉट यांनी ज्ञानाचे जे दोन प्रकार केले, म्हणजे नियमांच्या रूपाने पुस्तकात उतरवता येणारे तांत्रिक ज्ञान आणि जाणत्याच्या सहवासातच हाताला लागणारे व्यावहारिक ज्ञान, त्यांपैकी दुसऱ्याचीच ही मागणी आहे. गवंडी असो की राजा, त्याच्या कसबाचा मोठा भाग सांगून येत नाही, पाहून येतो. आणि ज्याच्याकडे पाहून शिकायचे तो हयात नसेल तेव्हा त्याचे सर्वांगाने केलेले स्मरण हाच सहवास होतो. इतिहासातून नियम निघत नाहीत हे ओकशॉट यांचे म्हणणे मान्य करूनही इतिहासातून घडण मिळू शकते, हे समर्थांच्या पत्राने दाखवून दिले आहे. संभाजीराजांनी प्रधानांना आरंभी सोडून पुन्हा कामे दिली, १६८१ मध्ये राजाविरुद्धचा कट उघडकीस आल्यावर त्या प्रधानांतील काहींना मृत्युदंड झाला, आणि तरीही पुढे १६८९ पर्यंत हा राजा औरंगजेबाशी झुंजत राहिला. उपदेश पाळला की मोडला, याचे सरळ उत्तर या घटना देत नाहीत, आणि उपदेशाचे यश तसे मोजण्याचे कारणही नाही.

इतिहासातून निघालेला बोध खरा कशावरून, याची कसोटी समर्थांच्याच ग्रंथात सापडते. वीस दशकांच्या आणि दोनशे समासांच्या दासबोधात प्रचितीचे महत्त्व पुन्हापुन्हा सांगितले आहे. प्रचिती म्हणजे ऐकीव गोष्टीचा स्वतः येणारा पडताळा, आणि ती तीन प्रकारची : शास्त्रप्रचिती, म्हणजे ग्रंथाचा आधार, गुरुप्रचिती, म्हणजे परंपरेने जाणत्याकडून आलेला आधार, आणि आत्मप्रचिती, म्हणजे स्वतःचा अनुभव. या तिन्हींचा मेळ बसावा असा समर्थांचा आग्रह आहे. त्यांनी ही कसोटी ब्रह्मज्ञानासाठी सांगितली. परंतु ज्या ग्रंथात हरिकथेच्या पाठोपाठ राजकारण, त्यानंतर सर्व विषयांतील सावधपण आणि त्यानंतर प्रयत्न असा क्रम लावलेला आहे, त्या ग्रंथाची कसोटी राजकीय बोधाला लावणे त्याच्या प्रकृतीला धरूनच होईल. इतिहासाच्या बाबतीत शास्त्र म्हणजे अस्सल कागद, गुरू म्हणजे समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आठवण, आणि आत्मप्रचिती म्हणजे आजच्या परिस्थितीत त्या बोधाचा येणारा पडताळा. परंपरानिष्ठांची चूक बहुधा अशी होते की ते मधल्या प्रचितीवरच थांबतात.

मधल्या प्रचितीवर थांबणे म्हणजे काय, ते जालना शहराच्याच एका प्रसंगावरून समजते. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगली मुलखातील ही समृद्ध पेठ लुटली. परतीच्या वाटेवर संगमनेरजवळ रणमस्तखानाशी झालेल्या लढाईत सिधोजी निंबाळकर पडले आणि बहिर्जी नाईकांनी आडवाटेने फौज पट्टागडावर आणली. सभासदाच्या बखरीत जालनापूरची ही मोहीम एक मोहीम म्हणूनच येते. खाफीखान मात्र सांगतो की व्यापाऱ्यांनी जान मुहंमद नावाच्या साधुपुरुषाच्या आश्रमात माल हलवला होता, तेथेही लूट झाली, साधूने शाप दिला आणि काही महिन्यांत महाराज वारले. जालन्यात आजही ज्यांचा दर्गा आहे ते जानुल्लाशाह हेच, असे मानले जाते. या कथेतून निघणारा बोध, म्हणजे देवस्थानाला धक्का लावणाऱ्याला दैव शासन करते, हा जगभरच्या जुन्या इतिहासलेखकांचा आवडता बोध आहे. त्याला दैवी न्यायाचे तत्त्व म्हणतात. कारणपरंपरेच्या कसोटीवर तो टिकत नाही. मात्र तीच कथा जरा जवळून वाचली तर दुसरीच गोष्ट दिसते : व्यापारी त्या आश्रमातच का गेले? कारण महाराज साधुसंतांच्या स्थानांना हात लावत नाहीत, अशी ख्याती शत्रूच्या मुलखातही पसरलेली होती, आणि खाफीखान स्वतःच अन्यत्र महाराजांच्या या दंडकाची नोंद करतो. एका राजाने वर्षानुवर्षे पाळलेला दंडक परमुलखातल्या माणसाला आधार वाटतो, हा बोध शापाच्या कथेपेक्षा कितीतरी भक्कम आहे, आणि त्याला कागद, आठवण आणि अनुभव हे तिन्ही साक्षी आहेत.

शिवकालाचे शहाणपण लेखी स्वरूपात मागे ठेवण्याचा मोठा प्रयत्न रामचंद्रपंत अमात्यांनी केला. १७१५–१६ च्या सुमारास कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजीराजांसाठी लिहिलेल्या आज्ञापत्रात शिवछत्रपतींपासून पुढे चार छत्रपतींची कारकीर्द जवळून पाहिलेल्या मुत्सद्द्याने राज्याच्या रक्षणाचे मर्म सांगितले आहे. गड हे राज्याचे सार होत. नव्या वतनांची खिरापत वाटू नये, कारण वतनदार हा राज्यातला वाटेकरीच होऊन बसतो. आणि टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, समुद्रकाठी जागा देऊ नये, कारण ते इतर सावकारांसारखे नुसते सावकार नसून त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत. मराठीतील परंपरानिष्ठ राजनीतीचा याहून सरस ग्रंथ दाखवता येणे कठीण आहे. त्यात नवे राज्य कसे रचावे याची कल्पना नाही. असलेले राज्य कशाने ढासळते याची अनुभवातून आलेली धास्ती आहे, आणि राज्यकर्त्याच्या हाती अशी धास्ती कल्पनेपेक्षा अधिक उपयोगी पडते.

ती धास्ती किती रास्त होती, याचा निकाल नव्वदेक वर्षांनी जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असलेल्या असई गावाजवळ लागला. त्याआधी २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा मोड केला, दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबर रोजी वसईच्या तहाने त्याने राज्याची परराष्ट्रनीती कंपनीच्या हाती दिली. पुढच्या वर्षी दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले इंग्रजांविरुद्ध उभे राहिले तेव्हा होळकर बाजूला राहिले. वडिलांच्या मिळकतीसाठी घरचे भांडत बसले तर काय होते, हे समर्थांनी जेवढ्या स्पष्टपणे सांगितले होते तेवढ्याच स्पष्टपणे ते येथे घडले.

२ सप्टेंबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतले. २३ सप्टेंबरला मेजर जनरल आर्थर वेलस्ली नळणीजवळ तळ टाकण्याच्या बेतात असताना त्याला कळले की भोकरदनकडे असतील असे वाटलेले मराठे अवघ्या दोन कोसांवर आहेत. त्याची स्टीव्हन्सनशी गाठ पडायला अजून एक दिवस होता. वाटाड्यांनी सांगितले की केळणेला जवळपास उतार नाही. वेलस्लीने पुढे जाऊन पाहिले तर नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे दिसली. समोरासमोर वसलेल्या गावांच्या मधे जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क त्याने केला आणि तो खरा निघाला. तेथून फौज नदीपार गेली. शिंद्यांच्या कवायती पायदळाची आघाडी पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याने चपळाईने फिरवली, शंभराच्या आसपास तोफांनी इंग्रजी पलटणींची चाळण केली, गोलंदाज आपल्या तोफांपाशी मारले जाईपर्यंत हटले नाहीत, आणि तरी संध्याकाळी मैदान इंग्रजांच्या हाती गेले. त्यांच्याकडे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे १,५८४ माणसांची हानी झाली. डिसेंबर १८०३ मध्ये देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव येथे भोसले व शिंदे यांनी तह केले.

या एका दिवसातून एकमेकांविरुद्ध जाणारे दोन बोध काढले गेले, आणि ते कसे काढले गेले हे पाहणे हाच प्रस्तुत विषयाचा मर्मभाग आहे. पहिला बोध ऐकताक्षणी परंपरानिष्ठ वाटतो : मराठ्यांनी पूर्वजांचा गनिमी कावा सोडला, फिरंगी कवायत उचलली आणि तेथेच नाश झाला. कंपनीचा जाणता अधिकारी टॉमस मन्रो याचे मतही याच बाजूचे होते आणि मराठीतही हा सूर पानिपतापासून ऐकू येतो. दुसरा बोध रॅन्डॉल्फ कूपर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कागदपत्रांच्या आधारे मांडला : मराठ्यांचा तोफखाना आणि पायदळ इंग्रजांच्या तोडीचे होते, दोष कवायतीत नव्हता, लढाईच्या तोंडावर गव्हर्नर जनरलने शिंद्यांच्या चाकरीतील युरोपीय अधिकाऱ्यांना पैशाचे आणि नोकरीचे आमिष दाखवून फोडले आणि सेनेची सूत्रेच निखळली. पहिला बोध आठवणीवर उभा आहे, दुसरा कागदावर. आणि तिन्ही प्रचितींचा मेळ दुसऱ्यात बसतो. शिवाय परंपरेचा खरा अर्थ लक्षात घेतला तर दुसराच बोध अधिक परंपरानिष्ठ ठरतो, हे सांगितले पाहिजे. शिवछत्रपतींची परंपरा घोड्यावरच्या झटापटीची नव्हती. डोंगरी मुलखात गनिमी कावा, समुद्रावर आरमार आणि सुरतेसारख्या शहरावर वेगाचा छापा, अशी काळवेळ पाहून साधन निवडण्याची ती परंपरा होती. ज्या महाराजांनी मराठ्यांच्या ठायी नसलेले आरमार नव्याने उभारले, त्यांचे नाव घेऊन नव्या तोफखान्याला दोष देणे म्हणजे त्यांचे वागणे विसरून केवळ त्यांचे एक साधन आठवणे होय. असईला परंपरा मोडली ती वेगळ्या ठिकाणी : सेनेची निष्ठा राज्याशी बांधलेली नव्हती, पगाराशी बांधलेली होती, आणि वतनाविषयी अमात्यांना जी भीती होती तिचेच हे नवे रूप होते.

त्याच युद्धाचा विजेता पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि आपल्या आयुष्यातील सर्वांत चांगली लढाई कोणती या प्रश्नाला त्याने असई असेच उत्तर दिल्याचे सांगितले जाते. जानेवारी १८२८ पासून नोव्हेंबर १८३० पर्यंत तो ब्रिटनचा पंतप्रधान होता आणि इंग्लंडातील परंपरानिष्ठ टोरी पक्षाचा आधारस्तंभ होता. मनाविरुद्ध असूनही त्याने १८२९ मध्ये कॅथलिक प्रजेला पार्लमेंटचे दार उघडून दिले, कारण न दिल्यास आयर्लंडात यादवी पेटेल, हे त्याने ओळखले. पुढच्याच वर्षी मात्र सध्याच्या प्रतिनिधिपद्धतीत सुधारणेची काहीच गरज नाही, असे त्याने सभागृहात सांगितले आणि काही दिवसांत त्याचे मंत्रिमंडळ कोसळले. १८३२ मध्ये सुधारणा झालीच. नदीच्या दोन काठांवरची गावे पाहून न दिसणारा उतार ओळखणारा मनुष्य स्वतःच्या देशातील लोकमताचा उतार ओळखू शकला नाही. जतन करणाऱ्यालाच बदलाची वेळ सर्वांत आधी कळली पाहिजे, कारण ती चुकली तर जतन करायचेही हातचे जाते.

महाराष्ट्रात इतिहासाच्या बोधाविषयीचा मोठा वाद समर्थांभोवतीच झाला. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील ग्रंथात स्वराज्याच्या मुळाशी संतांची सर्वसमावेशक भक्तिचळवळ दाखवली. इतिहासाचार्य राजवाडे यांनी उलट वारकरी संतांच्या सहिष्णुतेला दोष दिला आणि समर्थांच्या महाराष्ट्रधर्माला जयिष्णू, म्हणजे जिंकण्याची ईर्षा बाळगणारा, ठरवले. दोघेही थोर होते आणि दोघांनीही आपल्या काळाची गरज इतिहासात पाहिली : एकाला समाजसुधारणा हवी होती, दुसऱ्याला परदास्यातून सुटका. हरिकथा पहिली आणि राजकारण दुसरे, हा समर्थांनी लावलेला क्रम राजवाड्यांच्या सूत्रात उलटा झाला. जोतीराव फुले यांनी १८६९ च्या पोवाड्यात शिवरायांना कुळवाडीभूषण म्हणून उभे केले होते, तेव्हाच हा प्रश्न विचारला गेला होता की परंपरा जतन करायची तर ती कोणाची. शेतात राबणाऱ्याची आठवणही परंपराच आहे, आणि तिला बाजूला ठेवून जी परंपरानिष्ठा उभी राहील तिच्या गुरुप्रचितीत अर्धा गाव वगळलेला असेल. फुल्यांचा हा आक्षेप परंपरानिष्ठ विचाराने उत्तर देऊन संपवण्याचा नसून पचवण्याचा आहे.

मराठवाड्याच्या अलीकडच्या इतिहासात बर्क यांच्या एका सूक्ष्म विचाराची कसोटी लागली. बर्क म्हणतात की दुष्ट प्रवृत्ती प्रत्येक युगात नवे नाव आणि नवा वेष घेते. शहाणा माणूस त्या प्रवृत्तीवर उपाय करतो आणि अज्ञ माणूस जुन्या नावाला फाशी देत बसतो. निजामाच्या राज्यात कासिम रझवीच्या रझाकारांनी शासनाच्या डोळ्यांदेखत गावे लुटली, माणसे मारली, आणि १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेल्या लष्करी कारवाईने १७ सप्टेंबरला हा प्रदेश मुक्त झाला. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेला लढा हा अभिमानाचा ठेवा आहे. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत अनेक ठिकाणी निरपराध मुसलमान प्रजेवर जे अत्याचार झाले त्यांची नोंद भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली आणि उस्मानाबाद, नांदेड, बिदर व गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे तिने लिहिले. रझाकारीचा दुर्गुण कोणत्याही एका धर्माचा नव्हता. कायदा हाती घेतलेला सशस्त्र जमाव आणि डोळेझाक करणारी सत्ता हे त्याचे स्वरूप होते, आणि नाव बदलताच तो दुसऱ्या बाजूने उठला. मुक्तिदिनाच्या भाषणांत जो बोध सांगितला जातो त्यात ही बाजू बहुधा नसते, आणि ती नसेपर्यंत तो बोध अपुरा आहे.

परंपरेने ज्यांना नाकारले त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत जो इतिहासाचा बोध सांगितला तो या साऱ्याच्या पलीकडे जाणारा आहे. सिंधच्या दाहिर राजाचे फितूर सेनापती, शिवाजी महाराज झुंजत असताना मोगलांच्या बाजूने लढणारे मराठे सरदार, शीख सत्ता बुडत असताना स्वस्थ बसलेले लोक, अशी उदाहरणे देऊन हा देश स्वकीयांच्याच विश्वासघाताने स्वातंत्र्य गमावत आला, हे त्यांनी दाखवले, आणि त्यावरून त्यांनी सूडाचा नव्हे तर संयमाचा निष्कर्ष काढला : आता राज्यघटनेचे मार्ग उपलब्ध असताना रक्तरंजित मार्ग आणि कायदेभंग यांना रजा द्यावी. जुनी समाजव्यवस्था मोडू पाहणारा पुरुष नव्या संस्थेच्या जतनासाठी इतिहासाला साक्षीला बोलावतो, आणि फितुरीविषयीची त्याची धास्ती अमात्यांच्या आणि समर्थांच्या धास्तीला येऊन मिळते. प्राचीन असलेले तेवढेच जपायचे, अशी अट परंपरानिष्ठेत नाही. कष्टाने मिळालेले आणि सहज गमावता येण्याजोगे जे जे आहे ते जपायचे असते.

आता शास्त्रप्रचितीचे, म्हणजे कागदांचे, काय? दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे : अक्षर कसे वाटोळे आणि सुटे असावे, शाई कशी काळीभोर असावी, कागद कसा निवडावा, समास कसे सोडावेत आणि पोथी जतन कशी करावी. त्याच दशकाचा नववा समास राजकारणाचा आहे. नीट लिहिलेले आणि नीट जपलेले नसेल तर राजकारणाचा बोध कशावर उभा राहणार, असाच या क्रमाचा अर्थ लावावा लागतो. कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची पोथी निजामाच्या मुलखात डोमगावच्या मठात शिष्यांनी जपली आणि धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ती छापून महाराष्ट्राच्या हाती दिली. राजवाड्यांची सूत्रे वादग्रस्त झाली, पण त्यांनी गावोगाव पायपीट करून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे जे बावीस खंड प्रसिद्ध केले, ते त्यांच्या सूत्रांवर वाद घालणाऱ्यांनाही वापरावे लागतात.

जुन्या कागदांचे मोल जालना जिल्ह्याला नुकतेच नव्याने कळले आहे. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे २०२३ मध्ये सुरू झालेल्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेण्याचा निर्णय निघाला. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेविषयी समाजात तीव्र मतभेद आहेत आणि त्यांचा निवाडा न्यायालये व विधिमंडळ यांनी करायचा आहे, कारण जुनी नोंद काय होते एवढेच सांगते, काय असावे हे आजच्या माणसांना ठरवावे लागते. परंतु मोडी आणि उर्दू लिपीतील दप्तर वाचणाऱ्यांची गरज यानिमित्ताने गावोगावी भासली, ही गोष्ट कोणालाही नाकारता येणार नाही. जालन्याच्या पेठेतील जुन्या दुकानांत, अंबड आणि भोकरदनच्या वाड्यांत, देवस्थानांत, मठांत आणि दर्ग्यांत असे दप्तर अजून रुमालांत बांधलेले असेल. ज्यांच्या घरी ते आहे त्यांनी ते वाळवीच्या आणि रद्दीच्या तोंडी जाऊ देऊ नये, जवळच्या अभ्यासकाला किंवा पुराभिलेख कार्यालयाला दाखवावे. आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांनी दरवर्षी काही विद्यार्थ्यांना तरी मोडी आणि उर्दू हस्तलेख वाचायला शिकवावे.